परसातल्या दहा कोंबड्यांचा हिवाळा: कोजागरीपासून शिमग्यापर्यंत काय करायचं

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, आणि वर पिसांचं पांघरूण. निफाडकडे पारा एक आकडी झाला की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, पण त्याच बागेच्या कडेला खुराड्यात बसलेल्या, पोटभर खाल्लेल्या, कोरड्या अंगाच्या मोठ्या कोंबडीला ती थंडी झेपते. हिवाळ्यात कोंबड्या दगावतात त्या पाठीवर येणाऱ्या वाऱ्याने, पायाखालच्या ओलीने, कोंदट हवेने आणि चुकलेल्या लशीने. नवखी मंडळी नेमकं उलटं करतात. थंडी पडली की खुराडं चारही बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळतात, आणि पंधरवड्यात कोंबड्यांच्या गळ्यात घरघर सुरू होते.

खालचा हिशेब दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असा आहे. पक्षी गावरान असोत किंवा गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया असे सुधारित. थंडी नाशिक, अहिल्यानगर, खानदेश, मराठवाडा, विदर्भाची धरली आहे. कोकणात आणि गोव्यात पडदे कमी लागतात, दवाची काळजी जास्त. तुऱ्याला व्हॅसलीन चोपडा, पाण्याखाली हीटर ठेवा हे इंटरनेटवरचे सल्ले बर्फाच्या देशांतले आहेत. आपल्याकडे त्यावर पैसे घालवू नका.

पहिली पायरी: पाऊस सरला की खुराडं हातात घ्या

कोजागरी ते दिवाळी हा दुरुस्तीचा काळ. अकरा पक्ष्यांना रात्री बसायला ५ फूट बाय ४ फूट जागा पुरते, म्हणजे पक्ष्यामागे पावणेदोन-दोन चौरस फूट. याहून फार मोठं खुराडं हिवाळ्यात उपयोगाचं नाही, कारण कोंबड्यांच्या अंगाची ऊब त्यात टिकत नाही. जोतं जमिनीपासून फूटभर उंच हवं. लांब बाजू पूर्व-पश्चिम असेल तर उत्तम: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेची जाळी दिवसभर ऊन आत घेते आणि बोचरा उत्तरेचा वारा मागच्या भिंतीवर अडतो.

आधीची सगळी गादी काढून टाका. जमीन खरवडा, एक दिवस ऊन खाऊ द्या, मग चुन्याचा हात मारा. बसायच्या दांड्या आणि बांबूचे सांधे यांकडे नीट बघा. तांबडे बारीक कीटक (रेड माइट) दिवसा त्या फटींत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. तुरा पांढुरका पडलेली, दिवसेंदिवस वाळत चाललेली कोंबडी दिसली की आजार शोधण्याआधी या फटींत काडी घालून बघा. काडीला तांबडा डाग लागला तर उत्तर मिळालं. फटींत उकळतं पाणी ओता, वाळल्यावर चुना भरा, आठवड्याने पुन्हा तेच करा, कारण पहिल्या वेळी त्यांची अंडी मरत नाहीत.

जाळी अर्धा इंची वेल्डमेशची घ्या. षटकोनी मुर्गाजाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला आणि कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. ऊसतोड सुरू झाली की फडातली रानमांजरं आणि कोल्हे वस्तीकडे सरकतात, तेव्हा कडी घट्ट बसते ना हे याच दिवसांत तपासा.

पडदे: खालून बांधायचे, वरून उघडे

ही गोष्ट जमली की अर्धा हिवाळा जमला. पडद्याला तागाची पोती शिवून घ्या. ती हवा थोडी खेळू देतात. ताडपत्री फक्त उत्तरेच्या बाजूला. पडद्याची खालची कड जोत्याला पक्की करा आणि वरची कड दोरीने खालीवर होईल अशी ठेवा. रात्री पडदा वर ओढला तरी छपराखाली सहा ते आठ इंचांची फट राहिलीच पाहिजे. कोंबड्या बसतात त्या उंचीवर वारा लागत नाही, आणि त्यांच्या श्वासाची वाफ व विष्ठेतला अमोनिया वरून निघून जातो.

लोक पडदा वरून खाली सोडतात, म्हणजे खाली फट राहते. मग वारा थेट पोटाखाली घुसतो आणि वरची ओली हवा कोंडून बसते. दोन्हीकडून तोटा.

फट पुरेशी आहे का हे ओळखायला यंत्र नको. पहाटे खुराडं उघडल्या उघडल्या पत्र्याला आतून हात लावा. हात ओला झाला, थेंब ओघळले, तर हवा कोंडली आहे. फट दोन इंचांनी वाढवा. दुसरी खूण म्हणजे खाली बसा, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक न्या आणि चार श्वास घ्या. उभं राहून वास येत नाही, बसल्यावर डोळे चुरचुरतात, असं बऱ्याचदा होतं. माणसाच्या डोळ्याला जे क्षणभर लागतं ते कोंबडी रात्रभर सोसते, आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब झालं की सर्दीचे जंतू आत शिरतात.

सकाळी ऊन जाळीवर पडलं की दक्षिणेचा पडदा पूर्ण खाली. उत्तरेचा भर थंडीत दिवसा अर्धा ठेवला तरी चालेल.

पत्र्याचं छप्पर असेल तर वर उसाचं पाचट किंवा गवताचा चार-पाच इंचांचा थर दोरीने आवळून टाका. आतून थर्मोकोल लावायचा मोह टाळा; कोंबड्या तो टोचून टोचून खातात.

गादी आणि दांडी

पावसाळ्याआधी दोन-तीन इंच तूस पुरतं. हिवाळ्यात भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या जाड भुशाची गादी पाच इंच करा. ५ बाय ४ फुटांच्या खुराड्याला दोन-तीन भरलेली पोती लागतात. बारीक पावडरीसारखा भुसा नको. तो नाकात जातो. भुईमुगाची टरफलं चालतात, पण बुरशी धरलेली नसावीत.

दिवसाआड पंजाने गादी खालीवर करा. दांडीखालचा पट्टा सगळ्यात लवकर थापला जातो. तिथला गोळा झालेला थर रोज उचलला तर बाकीची गादी शिमग्यापर्यंत टिकते. मूठभर तूस घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर मोकळं झालं तर ठीक, लाडू वळला तर ओल जास्त. अशा वेळी २० चौरस फुटांना साधारण एक किलो विरलेला चुना भुरभुरून वरखाली करा, आणि ते करताना कोंबड्या बाहेर असू द्या. पाण्याचं भांडं रात्री खुराड्यात ठेवू नका. ओलीचं मूळ निम्म्या वेळा तेच सांडलेलं भांडं असतं.

दांडी लाकडाची, दोन इंच रुंद, कडा घासलेल्या. कोंबडी बोटं पसरून बसली की पोटाची पिसं पायांवर पडतात आणि बोटं उबेत राहतात. बारीक काठीवर बोटं वळून खाली उघडी पडतात, आणि लोखंडी पाइप रात्रभर पायाची ऊब ओढून घेतो. पक्ष्यामागे नऊ-दहा इंच धरा, म्हणजे पाच फुटांच्या दोन दांड्या. दोन्ही एकाच उंचीवर, जमिनीपासून दोन फूट. एक उंच आणि एक ठेंगणी ठेवलीत तर उंच दांडीसाठी रोज तिन्हीसांजेला मारामारी ठरलेली.

खाणं: संध्याकाळचा दाणा चुकवू नका

थंडीत अंग गरम ठेवायला कोंबडी जास्त खाते. दहा-पंधरा टक्के वाढ धरा. पूर्ण कोंडून ठेवलेल्या मोठ्या कोंबडीला दिवसाला ११० ते १३० ग्रॅम लागतं. दिवसभर मोकळी फिरणारी बरंचसं स्वतः मिळवते, पण डिसेंबर-जानेवारीत किडे आणि कोवळं गवत कमी होतं. म्हणून सकाळी पक्ष्यामागे ५० ते ६० ग्रॅम मिश्रण आणि संध्याकाळी २० ते २५ ग्रॅम दाणा द्या.

घरी दहा किलो मिश्रण करायचं तर असं: मक्याचा भरडा ६ किलो, सोयाबीन पेंड २ किलो ३०० ग्रॅम, भाताचा किंवा गव्हाचा कोंडा १ किलो ४०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिनं साधारण १७ टक्के बसतात. मक्यातला निम्मा भाग बाजरीने बदलला तरी बिघडत नाही. पेंडीऐवजी कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. त्यातल्या घटकांनी प्रथिनं पचत नाहीत. शिंपल्यांचा चुरा या मिश्रणात न मिसळता वेगळ्या वाडग्यात ठेवा. अंड्यावरची, म्हणजे अंडी घालणारी, कोंबडी हवा तेवढा उचलते, कोंबडा आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) त्याला फारसं तोंड लावत नाहीत.

संध्याकाळचा दाणा म्हणजे अख्खी ज्वारी, बाजरी किंवा भरडलेला मका, सूर्यास्ताआधी तासभर. दाणा पिठापेक्षा सावकाश पचतो आणि पचनाची ऊब रात्रभर मिळते. कोंबड्या दांडीवर बसल्यावर एकदोघींच्या गळ्याखालची पिशवी चाचपून बघा. लिंबाएवढी घट्ट भरलेली लागली पाहिजे. एखादीची रिकामी असेल तर तिला इतर कोंबड्या खाऊ देत नाहीत किंवा ती आजारी आहे. दुसऱ्या दिवशी तिला डालग्याखाली वेगळी ठेवून खायला घाला, म्हणजे काय ते कळेल.

हिवाळ्यातला सगळ्यात मोठा छुपा धोका नव्या मक्यात असतो. खरिपाचा मका दिवाळीच्या सुमाराला बाजारात येतो, स्वस्त मिळतो, आणि अनेकदा पुरता वाळलेला नसतो. पोत्यात तो गरम होतो आणि हिरवट-करडी बुरशी धरतो. तिचं विष यकृतावर बसतं: अंडी घटतात, वाढ खुंटते, आणि लस देऊनही ती नीट लागत नाही. उकळून, भाजून हे विष जात नाही. दाणा दाताखाली धरा. कट्ट असा आवाज होऊन फुटला तर वाळलेला, दबला तर पत्र्यावर आणखी चार दिवस ऊन द्या. कुबट वासाचा मका कोंबड्यांनाही नको आणि गुरांनाही नको. शेंगदाणा पेंड तर याच कारणासाठी अगदी ताजी नसेल तर घेऊच नका.

दिवाळीचा उरलेला चिवडा, शेव, चकल्या कोंबड्यांपुढे टाकायची सवय घराघरांत आहे. त्यातलं मीठ त्यांना बाधतं. आधी पातळ हगवण, जास्त झालं तर पक्षी मरतो. त्यापेक्षा मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या दोरीने टांगा. हिरवा पाला मिळतो आणि दुपारी एकमेकींची पिसं टोचायचा उद्योग कमी होतो.

पाण्याचं थोडक्यात: पहाटेचं गार पाणी कोंबड्या टाळतात, पाणी कमी प्यायल्या की खाणंही घटतं आणि अंडंही. सकाळी पहिलं पाणी कोमट किंवा विहिरीतून नुकतं काढलेलं द्या, भांडं रोज घासा. दव वाळेपर्यंत, म्हणजे साधारण आठपर्यंत, कोंबड्या गवतात सोडू नका.

अंडी का थांबली?

नोव्हेंबरात हा प्रश्न हमखास येतो, आणि लोक थंडीला दोष देतात. मुख्य कारण उजेड आहे. अंड्यावर नियमित राहायला कोंबडीला दिवसाला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. त्यातच दीड-दोन वर्षांच्या कोंबड्या याच सुमारास पिसं झाडतात. नवी पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांची, त्यामुळे अंड्याला काही उरत नाही. दोन महिने थांबा. या काळात पेंड थोडी वाढवा आणि विनाकारण हाताळू नका, फुटणाऱ्या पिसांच्या मुळाशी रक्त असतं आणि ते दुखतं.

गावरान कोंबड्यांना दिवा लावू नका, हे आमचं स्पष्ट मत. त्या घालायच्या तेवढीच अंडी घालतात आणि विजेचा, निगराणीचा व्याप वाया जातो. ग्रामप्रियासारख्या अंड्याच्या जातीच्या तरुण कोंबड्या असतील तर मात्र फायदा दिसतो. सात वॉटचा पिवळसर एलईडी आणि साधा टायमर पुरे. उजेड पहाटे वाढवा, संध्याकाळी नाही. रात्री दिवा एकदम विझला की दांडीवर न बसलेल्या कोंबड्या अंधारात जमिनीवरच राहतात. दर आठवड्याला अर्धा तास असं करत चौदा तासांवर या, आणि मग फेब्रुवारी संपेपर्यंत खंड पाडू नका. मध्येच बंद केलात तर अंडी थांबून अवेळी पिसं झडतात. पाच महिन्यांच्या आतल्या तलंगांना हा उजेड अजिबात नको. अंग भरण्याआधी अंड्यावर आल्या की अंडं अडकतं.

हिवाळ्यात पिल्लं

शक्य असेल तर पहिल्याच हिवाळ्यात एक दिवसाची पिल्लं आणू नका. पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून पिल्लं मिळतात, पण डिसेंबरची रात्र आणि ग्रामीण वीजपुरवठा हे गणित नवख्याच्या हाती नाही. खुडूक कोंबडी बसवलीत तर सगळी जबाबदारी तिची. मात्र उन्हाळ्यात तिच्याखाली बारा-तेरा अंडी ठेवत असाल तर हिवाळ्यात नऊ-दहाच ठेवा, कडेची अंडी गार पडतात.

तरीही आणलीतच तर पंचवीस पिल्लांना दीड फूट उंच पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं चार फूट व्यासाचं कडं करा. आत तीन इंच तूस, वर पहिले दोन दिवस वर्तमानपत्र. दोन दिवसांनी कागद काढाच, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. ऊब देण्यासाठी साठ वॉटचे तारेचे दोन बल्ब. एलईडी बल्ब ऊब देत नाही. दोन एवढ्यासाठी की एक उडाला तर दुसरा असावा. बल्ब स्वतःच्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने बांधा. तुसावर पडलेला बल्ब म्हणजे आग.

पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात: बल्बखाली ढीग करून चिवचिवाट चालू असेल तर गार पडतंय, कडेला सरकून चोच वासून बसली तर उकडतंय, एकाच बाजूला गोळा झाली तर दुसरीकडून वारा येतोय. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून मध्ये ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या धुराविना निघणाऱ्या वायूने सकाळी पिल्लं मेलेली सापडतात, आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसालाही तोच धोका.

आजार: रात्री नऊला कान लावा

आठवड्यातून दोनदा, कोंबड्या स्थिरावल्यावर, बॅटरी न लावता खुराड्याशी दोन मिनिटं उभे राहा. निरोगी खुराड्यात हलकी कुजबूज असते. शिंक, घरघर, चोच उघडून घेतलेला श्वास ऐकू आला तर मग बॅटरी लावून ती कोंबडी शोधा, वेगळी ठेवा आणि आधी फट व गादी तपासा. हवा सुधारली नाही तर औषधाने बरी झालेली कोंबडी पुन्हा तिथेच येते.

मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, औषध नाही, लसच. तिचे दोन प्रकार, लासोटा आणि आर-टू-बी. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून. देवीची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, पण त्याच दिवशी नको. अंड्यावरच्या कोंबडीला आर-टू-बी टोचू नका, अंडी बंद पडतात. तिला दर दोन-तीन महिन्यांनी पाण्यातून लासोटा. जंताचं औषध लशीच्या आठ-दहा दिवस आधी, मात्रा पशुवैद्यकाला विचारून.

अडचण अशी की बाटली शंभर मात्रांची येते आणि तुमचे पक्षी अकरा. एकदा कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा. लस थर्मासमध्ये बर्फात आणा. त्या सकाळी कोंबड्यांपुढचं पाणी दोन तास उचलून ठेवा, भांडी साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवा, नळाचं क्लोरीनचं पाणी टाळा, आणि विहिरीच्या गार पाण्यात लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर विरघळवून मग लस घाला.

बर्ड फ्लूचं सावट याच ऋतूत असतं. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या. थंडीत स्थलांतरित पाणपक्षी आपल्या जलाशयांवर उतरतात. नांदूर मधमेश्वरसारख्या पाणथळीजवळ राहत असाल तर कोंबड्या बंधाऱ्यावर, तळ्याकाठी जाऊ देऊ नका आणि दाणा उघड्यावर टाकू नका. एकदोन दिवसांत अनेक पक्षी मेले, तुरे निळसर पडले, तर मानमोडी की बर्ड फ्लू हे घरी ओळखता येत नाही. उघड्या हाताने उचलू नका, कापून बघू नका, उरलेल्या विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ क्रमांकावर लगेच कळवा.

संक्रांतीच्या आठवड्यात आणखी एक काम वाढतं. पतंगाचा नायलॉन मांजा परसात पडतो, कोंबडीच्या बोटाभोवती गुंडाळतो आणि चालता चालता आवळत जातो. संध्याकाळी दांडीवर बसताना पाय उचलून बघा. बोट सुजून काळसर दिसलं तर पिसं आणि माती पुसून बारीक कात्रीने फास कापा, हळद किंवा जंतुनाशक मलम लावा. दोन दिवस उशीर झाला तर बोट गळून पडतं.

धूळस्नानासाठी जुन्या टायरमध्ये कोरडी माती, वाळू आणि चुलीची चाळलेली राख समप्रमाणात भरून उन्हात ठेवा. पंखाखाली आणि शेपटीखाली महिन्यातून एकदा पिसं उलगडून उवा बघा.

फेब्रुवारीच्या मध्यावर दुपारी कोंबड्या पंख फाकवून सावलीत बसायला लागल्या की दक्षिणेचा पडदा कायमचा काढा, उत्तरेचा रात्रीपुरता ठेवा. शिमगा झाला की गादी बाहेर काढून तीन इंचांवर आणा. निघालेलं तूस लगेच झाडांना घालू नका, मुळं जळतात. पाणी शिंपडून दोन-तीन महिने खड्ड्यात कुजू द्या. पावसाआधी वांगी-मिरचीच्या वाफ्यांसाठी ते तयार होतं.